मृगाआधी वही

मुरबाडकडून नारिवलीच्या वाटेला लागले की समोर सिद्धगड दिसतो. दर वर्षी २ जानेवारीला आजूबाजूच्या गावांतून माणसे त्याच्याकडे निघतात. १९४३ साली याच तारखेला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन वीर तिथे पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. भाई कोतवाल म्हटले की आझाद दस्ता आठवतो, मुंबईला वीज नेणारे पाडलेले मनोरे आठवतात. ते आठवावेतच. पण माथेरानच्या या वकिलाने त्याआधी एक शांतपणाचे काम केले होते, आणि आज बोलायचे आहे ते त्यावरून. त्यांनी आपल्या भागातल्या गरीब शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी धान्यकोठी काढली होती.

धान्यकोठी म्हणजे काय, हे आपल्या शहापूर-मुरबाडच्या माणसाला समजावून सांगायला नको. आषाढ-श्रावणात घरातली कणगी रिकामी होते. शेतात लावणी चालू, आणि चुलीवर ठेवायला दाणा नाही. अशा वेळी सावकाराच्या दारात जायचे, दोन मण भात आणायचे, आणि सुगीला दीडपट किंवा दुप्पट घालायचे, ही जुनी रीत. कोठीने ती मोडायची. पावसात दाणा द्यायचा आणि भात झोडले की तो परत घ्यायचा. पण कोठी चालवायची तर नुसती दया पुरत नाही. कोणाला किती दिले, किती परत आले आणि उरलेले कधी यायचे, एवढे तरी लिहिलेले लागते. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे हिशेब. तिसरी म्हणजे मुदत.

आज आपल्या भागात आदिवासी विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, दूधसंस्था आहेत, अलीकडे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्याही निघाल्या आहेत. या सगळ्यांना वर्ष सरले की जमाखर्च मांडून, तपासून, सभेपुढे ठेवून सरकारात दाखल करावा लागतो. त्याला मुदत असते. आणि दर वर्षी काय होते? मुदत चार दिवसांवर आली की सचिवाची धावपळ सुरू होते, पावत्या सापडत नाहीत, अध्यक्ष लग्नाला गेलेले असतात. ही मुदत आली कुठून आणि तिची तयारी कधी करायची, ते पाहू.

पहिला प्रश्न असा, की वर्ष संपते कधी?

आपल्या जुन्या कागदांत एक सन सापडतो. त्याचे नाव सुहूर सन. चौदाव्या शतकापासून तो दख्खनेत चालत आला आणि मराठेशाहीच्या कारभारात सर्रास वापरला गेला. शिक्षक मंडळींनी जुन्या पत्रांच्या आरंभी इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे शब्द वाचले असतील. ते या सनाचे आकडे, अरबी शब्दांत लिहिलेले. गंमत अशी की शब्द अरबी, पण वर्ष सुरू व्हायचे ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला म्हणजे. म्हणून लोक त्याला मृगसाल म्हणत.

असे का केले असेल? त्यामागे मोठे शहाणपण आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणजे हिजरी महिना दर वर्षी पिकाच्या मागून पुढे सरकत राहतो. एका वर्षी जो महिना सुगीत येतो, तोच काही वर्षांनी भर पावसात येतो. आणि साधारण ३३ वर्षांत एक अख्खे वर्ष जास्तीचे मोजले जाते. सारा जर त्या वर्षाने घेतला, तर रयतेने पिके काढायची ३२ आणि सारा भरायचा ३३ वर्षांचा! तेव्हा कारभाराला शेताच्या चालीने चालणारे वर्ष हवे होते. उत्तरेत अकबराच्या काळापासून फसली सन निघाला तो याच अडचणीतून. फसल म्हणजे पीक. पिकाचे वर्ष तेच हिशेबाचे वर्ष, असा त्याचा अर्थ.

हे वर्ष पाळायला माणसेही तशीच लागत. गावात कुळकर्णी लिही, त्याच्या वर परगण्याचा देशपांडे लिही, मामलेदाराच्या कचेरीत आणखी लिहिणारे असत. रोजच्या रोज लिहायची ती रोजकीर्द. तिच्यातून खात्यावर चढवायची ती खतावणी. साल सरले की साऱ्याचा गोषवारा काढायचा, तो तर्जुमा. जमा एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला घालून बाकी काढायची, तो ताळेबंद. पेशव्यांच्या काळात पुण्याला एकबेरीज दप्तर होते, तिथे हे सगळे कागद येऊन पडत. नाना फडणिसांच्या हयातीत हे दप्तर किती चोख होते, याची साक्ष पुढे इंग्रज अंमलदारांनीही दिली आहे. आणि त्याच अंमलदारांनी असेही लिहून ठेवले, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची आबाळ झाली. राज्य १८१८ साली गेले, पण कागद त्याआधीच विस्कटू लागले होते. ज्या घराची वही विस्कटली, त्या घराची बाकी कोण सांगणार?

इंग्रज आले, आणि वर्ष बदलले. सरकारचे आर्थिक वर्ष आधी १ मेला सुरू होई. १८६७ सालापासून ते १ एप्रिलला सुरू होऊ लागले. कारण काय, तर विलायतेतल्या सरकारचे वर्ष तसे होते. आपल्या पावसापाण्याशी त्याचा संबंध नव्हता. हे गैरसोयीचे आहे, असे पुढे खुद्द सरकारी आयोगांनीही म्हटले. १९१३-१४ मध्ये चेंबरलेन आयोगाने म्हटले, स्वातंत्र्यानंतर १९८५ मध्ये झा समितीनेही वर्ष बदलावे असे सुचवले. अंदाजपत्रक मांडायचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पाऊस कसा पडणार ते कळायचे त्यानंतर चार-सहा महिन्यांनी. पण वर्ष काही बदलले नाही. मार्चअखेर हा शब्द मात्र घरोघरी गेला.

जमीन महसुलाचे वर्ष त्याहून निराळे राहिले. ते १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. म्हणून १ ऑगस्टला महाराष्ट्रात महसूल दिन पाळतात. सहकारी संस्थांचे वर्ष पूर्वी ३० जूनला संपे. पुढे तेही ३१ मार्चवर आणले. म्हणजे बघा, शेतकरी एकच, पण तो जगतो मृगाच्या वर्षात, सातबारा चालतो ऑगस्टच्या वर्षात आणि सोसायटी चालते एप्रिलच्या वर्षात. गोंधळ होणारच. आणि गोंधळात नुकसान होते ते ज्याला तारीख ठाऊक नाही त्याचे.

याचा एक मोठा दाखला इतिहासात आहे. सिद्धगडाच्या मागे सह्याद्रीची भिंत आहे. ती चढून गेले की पुणे जिल्हा लागतो. त्या घाटावरच्या मुलखातली ही गोष्ट.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षे. तीन वर्षांत सावकाराने फिर्याद लावली नाही, तर त्याचा दावा बुडाला. कायदा वाचायला चांगला होता. जुनीपुराणी खते काढून शेतकऱ्याला कोणी नाडू नये, हा हेतू. पण झाले उलटेच. कायद्याची तारीख सावकाराला पाठ होती, कुळाला नव्हती. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि सांगे, "खत नवे करून दे, नाहीतर कोर्टात जातो." कुळ अंगठा उठवी. तीन वर्षांचे व्याज मुद्दलात मिसळे, आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज चालू होई. दर तीन वर्षांनी हाच प्रकार. वही सावकाराच्या हातात, कुळाजवळ लिहिलेला एक चिटोराही नाही. किती घेतले, किती फेडले, हे त्याने सांगायचे तरी कशाच्या आधाराने?

शेवटी १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले. जमावाने जागोजागी मागितले काय? कर्जाची खते. ती मिळाली की जाळून टाकली. लोकांना नेमके ठाऊक होते की आपला गळा कशात अडकला आहे.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात एक तरतूद होती, तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. पैसे भरले की पावती मागण्याचा, आणि सावकाराकडून वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. वर्षाचा हिशेब लेखी मिळणे, हे गरिबाचे संरक्षण आहे, ही गोष्ट त्या दिवशी कायद्याने मान्य केली. आज सोसायटीने वर्षाचा ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा म्हणतात, त्याची मुळे सुप्याच्या बाजारातल्या त्या राखेतही आहेत.

दुसरी मुळे मुंबईत आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत कंपन्यांचे पेवच फुटले. समुद्र बुजवायच्या कंपन्या, बँका, आणखी काय काय. लोक डोळे मिटून शेअर घेत. पुढच्या तारखेचे वायदे होत, आणि त्यातला मोठा वायदा होता १ जुलै १८६५ चा. त्याआधीच युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि तो दिवस उजाडला तेव्हा देणी द्यायला पुष्कळांजवळ काही नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेसारखी बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

कंपनी म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवे. आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी आली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागीदाराचा घातलेला पैसा जाईल, पण त्याचे घरदार, बैल, भांडी जाणार नाहीत. ही फार मोठी सवलत आहे. मग कंपनीशी व्यवहार करणाऱ्याने विश्वास ठेवायचा कशावर? त्याला कंपनीची वही बघता आली पाहिजे. म्हणून कायद्याने सवलतीच्या बदल्यात एक अट घातली: तुमची नावे, तुमचे भाग आणि पुढे तुमचा ताळेबंद निबंधकाकडे दाखल करा, तो कोणालाही पाहता येईल. ज्याचे घर सुरक्षित, त्याची वही उघडी. वर्षअखेरचे जे कागद आपण कटकट म्हणून भरतो, ते या कराराचा आपल्या बाजूचा हप्ता आहेत.

सहकाराचे तसेच. १९०४ साली पहिला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हाच दर वर्षी निबंधकाने हिशेब तपासावा अशी अट त्यात होती. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा, आणि तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. २००३ पासून कंपनी कायद्यातच शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला जागा मिळाली. निदान दहा उत्पादक एकत्र आले की ती काढता येते.

आता तारखा सांगतो. शिक्षकांनी त्या फळ्यावर लिहाव्यात.

सहकारी संस्थेचे वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर ४५ दिवसांत जमाखर्च आणि ताळेबंद तयार व्हायला हवा. म्हणजे १५ मे. चार महिन्यांत हिशेब तपासणी पुरी व्हायला हवी. म्हणजे ३१ जुलै. सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यायची आणि निबंधकाकडे विवरणपत्रे द्यायची. म्हणजे ३० सप्टेंबर. सभा वेळेत घेतली नाही, तर ज्यांच्यावर ती घेण्याची जबाबदारी होती त्यांना पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. साधारण कंपनीची वार्षिक सभाही ३० सप्टेंबरच्या आत. सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र दाखल करायचे. उशीर झाला तर एकेका अर्जामागे रोजचे १०० रुपये जादा शुल्क. दोन अर्ज १०० दिवस राहिले तर २० हजार रुपये झाले. उत्पादक कंपनीची काही कलमे वेगळी आहेत, तेव्हा आपल्या तारखा जाणकार हिशेबतपासनिसाकडून एकदा लिहूनच घ्याव्यात.

आणि हे नुसते धाक घालण्यापुरते नाही. वर्षानुवर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या २ लाखांहून अधिक कंपन्यांची नावे २०१७ साली सरकारने नोंदवहीतून काढून टाकली. सलग तीन वर्षे कागद न दिल्याबद्दल लाखो संचालक अपात्र ठरले. त्यांतल्या पुष्कळ कंपन्या नावापुरत्या होत्या हे खरे. पण कायद्याच्या वरवंट्याला कागदच दिसतो, माणूस दिसत नाही. चोर कंपनी आणि आळशी कंपनी त्याला सारखीच.

आता या तारखा आपल्या शेतावर ठेवून बघा. ३१ जुलै म्हणजे कोकणात भात लावणीचा कळस. सभासद चिखलात, सचिव चिखलात. पाऊस असा की ओढ्यापलीकडचा माणूस अलीकडे येत नाही. वीज जाते, मोबाईलची रेंज जाते, आणि आता कचेरीचा दरवाजा तर संगणकातच आहे. सप्टेंबर म्हणजे गणपती आणि पितृपक्ष, आणि त्याच्या मागोमाग हळव्या भाताची कापणी. कायद्याने ज्या तारखा दिल्या, त्यांतल्या बहुतेक आपल्या सर्वांत अडचणीच्या दिवसांत येतात. त्या बदलणे आपल्या हातात नाही. मग आपल्या हातात काय आहे?

आपल्या हातात एप्रिल आणि मे आहेत. ३१ मार्च ते ७ जूनच्या मृगापर्यंत ६८ दिवस मिळतात. रस्ते कोरडे, शेतीचे काम हलके. शेतकरी या दिवसांत राब भाजतो, बांध नीट करतो, घर शाकारतो, बियाणे निवडतो. मृग लागल्यावर घर शाकारायला कोणी चढत नाही. सोसायटीची वही ही घरावरच्या शाकारणीसारखीच धरावी. पूर्वजांनी हिशेबाचे वर्ष मृगाला बांधले होते. कायद्याने आपले वर्ष मार्चला बांधले. पण काम मृगाच्या आत संपवायला आपल्याला कोणाची बंदी आहे?

तेव्हा ३१ मार्चच्या संध्याकाळी समितीतल्या दोघांनी मिळून पेटीतली रोकड मोजावी, गोदामातले भात वजन करून घ्यावे, आणि त्याच कागदावर सह्या कराव्यात. हे दुसऱ्या दिवशी करता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशीचा माल निराळा असतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बँकेचा उतारा आणून वहीशी ताडून बघावा. कोणाकडे किती येणे आहे, याची यादी करून ती सभासदांना वाचून दाखवावी. हरवलेली पावती त्याच वेळी शोधली तर सापडते, सहा महिन्यांनी उंदराने खाल्लेली असते. १५ मेपर्यंत ताळेबंद. मृगाआधी सगळे दप्तर तपासनिसाच्या हातात. मग जुलैत त्याने एखादी शंका विचारली तर उत्तर द्यायचे काम राहील, दप्तर शोधायचे नाही.

सभेची तारीख ऑगस्टमध्येच ठरवावी. सहकारी संस्थेत सभासदांना १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे लक्षात ठेवून मागे मोजत यावे. आपल्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. बैल विकायचा तो माणूस पौर्णिमेला संध्याकाळी घरून निघतो का? तो बैल आधीपासून तयार करतो, शिंगे रंगवतो, आणि वेळेत पोचतो. जत्रेची तारीख ज्याला मागे मोजता येते, त्याला सभेची तारीखही मोजता येईल. फक्त जत्रेइतके अगत्य हवे.

आणखी एक. वही, किल्ली आणि संगणकाचा परवलीचा शब्द एकाच माणसाजवळ असू नये. तो माणूस कितीही सज्जन असो. तो आजारी पडला, परगावी गेला, तर अख्ख्या संस्थेचे वर्ष त्याच्या खिशात अडकते. अध्यक्षांची संगणकावरची सही कधी संपते, तीही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. गावातल्या संस्थेचा ताळेबंद सभेपूर्वी फलकावर लागला, की वरच्या वर्गातल्या मुलांना तो वाचायला न्या. येणे म्हणजे काय, देणे म्हणजे काय, बाकी कशी निघते, हे गणिताच्या पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. आणि मुलगी घरी जाऊन आईला सांगेल, की आपल्या नावावर अमुक इतके येणे दाखवले आहे, ते बरोबर आहे का? ज्या गावात असा प्रश्न विचारला जातो, तिथे लबाडीची वही फार दिवस टिकत नाही. भाई कोतवालांनी धान्यकोठीबरोबर खेडोपाडी शाळाही चालवल्या. दाणा आणि अक्षर ही दोन्ही कामे त्यांनी हातात धरली, यात मला मोठा अर्थ दिसतो.

सुप्याच्या कुळांजवळ वही नव्हती, म्हणून त्यांना दुसऱ्याची खते जाळावी लागली. आज वही आपली आहे, सोसायटी आपली आहे, कंपनी आपली आहे. ती वेळेत लिहायची, वेळेत वाचायची आणि वेळेत दाखल करायची, एवढेच उरले आहे. पुढच्या २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी जाल, तेव्हा फूल वाहताना मनाशी हिशेब करा. ३१ मार्चला तेव्हा तीन महिनेसुद्धा उरलेले नसतात.